शेअरच्या भावाचा चार्ट वाचायला शिकताना: आलेखाच्या वहीपासून स्टॉपलॉसपर्यंत

गेल्या दिवाळीत भाचीने डीमॅट खातं उघडलं आणि पंधरा दिवसांत तिचा फोन आला. "मामा, आरएसआय तीसच्या खाली गेलाय. घेऊ का?" आरएसआय, म्हणजे भावाच्या अलीकडच्या चढउतारांवरून निघणारा शून्य ते शंभरमधला आकडा, तिने मोबाइलवर पाहिला होता. पण तो आकडा ज्या भावावरून निघतो, तो भाव गेले सहा महिने वर चाललाय की खाली, हे तिने पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "रविवारी ये, आणि येताना आलेखाची वही आण." त्या आणि पुढच्या चार-पाच रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर जे केलं, ते त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उद्याचा भाव चार्ट सांगत नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. चार्टचा भरवशाचा उपयोग मला एकच वाटतो: सौदा करण्याआधी 'भाव कुठे आला म्हणजे माझा अंदाज चुकला' ती जागा त्याच्यावर बोट ठेवून दाखवता येते. ती जागा सापडली की किती शेअर घ्यायचे तेही ठरतं. ती सापडत नसेल, तर त्या चार्टवर आपल्यासाठी सौदा नाही.

पहिला रविवार: चार आकडे, एक कॅन्डल

आपला बाजार सव्वानऊला सुरू होतो आणि साडेतीनला बंद होतो. या सव्वासहा तासांतले चार आकडे टिपायचे: उघडतानाचा भाव, दिवसातला सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा. कॅन्डल या चार आकड्यांचीच बनते. उघडला आणि बंद झाला यांच्यामधला चौकोन म्हणजे तिचं अंग, आणि वरखाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे वाती. बंद भाव उघडत्या भावाच्या वर असेल तर अंग हिरवं, खाली असेल तर लाल.

४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस. निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, २३,१७९.५० वर उघडला आणि त्याच्या वर गेलाच नाही, म्हणजे उच्चांकही तोच. नीचांक २१,२८१.४५ आणि बंद भाव २१,८८४.५०. एक सेंटिमीटरला २०० अंक असं माप धरून भाचीने ही कॅन्डल पट्टीने काढली. साडेसहा सेंटिमीटरचं लाल अंग, वर वात नाही आणि खाली तीन सेंटिमीटरची वात. "ही खालची वात म्हणजे काय?" मी विचारलं. थोडा विचार करून ती म्हणाली, "तिथपर्यंत पडला, पण तिथून कोणीतरी घेतला." बरोबर. विकणाऱ्यांनी जिथवर ढकललं, तिथून ६०० अंक भाव परत आला. वातीतून इतकंच कळतं, पण तेही थोडं नाही.

मग तिला आदल्या दिवसाची, ३ जूनची कॅन्डल काढायला लावली. उघडला २३,३३७.९०, बंद २३,२६३.९०. अंग जेमतेम चार मिलिमीटर, रंग लाल. काढून झाल्यावर तिला सांगितलं की त्या दिवशी निफ्टी ७३३ अंकांनी वाढला होता. एक्झिट पोलमुळे बाजार आधीच खूप वर उघडला आणि मग जरा खाली येऊन बंद झाला. ७ एप्रिल २०२५ ला याच्या उलट घडलं. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने निफ्टी २१,७५८ वर उघडला आणि २२,१६१ वर बंद झाला. आदल्या सत्राच्या तुलनेत ७४२ अंक गेले, तरी कॅन्डल हिरवी. रंग फक्त त्या दिवसाचा उघडता आणि बंद भाव यांची तुलना करतो. कालच्या बंद भावाशी त्याचा संबंध नाही. हे पक्कं बसेपर्यंत पुढे जाऊ नका. 'तीन हिरव्या कॅन्डल म्हणजे तेजी' अशी पाठांतरं करणारे नेमके इथेच घसरतात.

वही का, मोबाइल का नाही? हाताने काढलेली कॅन्डल डोक्यात राहते, हा माझा अनुभव आहे. पंधरा-वीस दिवसांच्या कॅन्डल हाताने काढल्या की नंतर स्क्रीनवरचा चार्ट वेगळाच दिसायला लागतो. शिवाय ज्यांचा शेवट आपल्याला माहीत आहे अशी जुनी उदाहरणं घ्या. चार्टच्या उजव्या बाजूवर कोरा कागद ठेवा आणि एकेक दिवस सरकवत जा. कागदाखाली काय असेल ते आधी लिहा, मग कागद सरकवा.

स्क्रीनवर चार्ट उघडल्यावर आधी तीन गोष्टी तपासा

पहिली, कालावधी. सुरुवात दिवसाच्या आणि आठवड्याच्या चार्टने करा. पाच मिनिटांच्या चार्टवर नवख्या माणसाला गोंधळाखेरीज काही दिसत नाही, आणि तिथला हिशेब फार कठोर आहे. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे सौदे, करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या करारांमध्ये, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. हे आकडे मी भीती घालायला देत नाही. शिकण्याची जागा कोणती निवडायची, ते त्यांच्यावरून ठरतं.

दुसरी, माप. लांब पल्ल्याच्या चार्टवर लॉग माप लावा, म्हणजे सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते. २८ एप्रिल १९९२ ला, रोखे घोटाळा उघड झाल्यावर, सेन्सेक्स ५७० अंक पडला. २३ मार्च २०२० ला, करोनाच्या धास्तीत, तो ३,९३४ अंक पडला. साध्या मापावर पहिली घसरण खरचटल्यासारखी दिसते आणि दुसरी कडा कोसळल्यासारखी. टक्क्यांत पाहिलं तर पहिली १२.७७ आणि दुसरी १३.१५, म्हणजे ज्याचे पैसे गुंतले होते त्याच्यासाठी दोन्ही दिवस जवळपास सारखेच. लॉग मापावर त्या सारख्याच दिसतात.

तिसरी, बोनस आणि विभाजन. रिलायन्सने एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला तेव्हा २८ ऑक्टोबर २०२४ ला भाव एका रात्रीत निम्मा झाला. भागधारकाचं काही गेलं नाही, शेअरही दुप्पट झाले. चांगलं सॉफ्टवेअर मागचे सगळे भाव आपोआप जुळवून घेतं, पण तुमच्या वहीत ते तुम्हालाच करावं लागतं.

कल ओळखायचा, तोही उशिरा कळतो हे मान्य करून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी मांडलेली कल्पना आजही सगळ्यांच्या मुळाशी आहे. प्रत्येक नवं शिखर आधीच्या शिखराच्या वर आणि प्रत्येक नवा तळ आधीच्या तळाच्या वर, तर कल चढता. दोन्ही खाली सरकत असतील, तर उतरता. यापैकी काहीच धड नसेल, तर बाजार आडवा आहे.

शिखर कशाला म्हणायचं यावर लोक अडखळतात. आम्ही असा नियम धरला: ज्या कॅन्डलच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच कॅन्डलचे उच्चांक तिच्याहून खाली आहेत, ते शिखर. तळाचा नियम याच्या उलट. याचा अर्थ शिखर झालंय हे आपल्याला पाच दिवसांनी कळणार. हा उशीर चार्टच्या स्वभावातच आहे. तो टाळू पाहणारा माणूस अंदाज बांधायला लागतो.

आता निफ्टीच्या एका मोठ्या घसरणीवर पेन्सिल फिरवू. २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ चं शिखर. नोव्हेंबरात २३,२६३ चा तळ. डिसेंबरच्या सुरुवातीला भाव वर आला, पण २४,८५७ लाच दमला, शिखर खाली. जानेवारीच्या शेवटी २२,७८६, तळही खाली. ५ फेब्रुवारी २०२५ ला २३,८०७, पुन्हा खाली. ४ मार्चला २१,९६४, पुन्हा खाली. मधली छोटी शिखरं मी सोडली आहेत, त्यांनी चित्र बदलत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने निफ्टी उतरत्या भावाने बंद झाला. त्या काळात 'स्वस्त मिळतंय' म्हणून दर महिन्याला घेणारे ट्रेडर माझ्या ओळखीत बरेच होते. दीर्घकाळ पैसे ठेवणाऱ्यासाठी ते ठीक असेल. ट्रेडिंगसाठी घेणाऱ्यासाठी चार्टवर स्पष्ट लिहिलं होतं की कल खालीच आहे.

याच चार्टवर एक फसवी जागाही आहे. २५ मार्चला भाव २३,८६९ ला गेला, म्हणजे फेब्रुवारीच्या शिखराच्या ६२ अंक वर. शिखर ओलांडलं, कल फिरला? भाचीने कागद सरकवण्याआधी वहीत लिहिलं: 'हो, फिरला.' मी तिला त्या दिवसाचा बंद भाव बघायला सांगितलं. २३,६६८. वातीने शिखर ओलांडलं होतं, अंगाने नाही. पुढे दोन आठवड्यांत भाव २१,७४३ ला आला. तेव्हापासून आमचा नियम असा की ओलांडलं हे बंद भावावरूनच ठरवायचं. या नियमाने काही चांगले सौदे हातचे जातात. ते गेलेले मला चालतात.

आधार आणि अडथळा: रेघ नको, पट्टा काढा

अडथळा समजायला मला कांद्याचं उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. लासलगावच्या आसपास उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवलेले शेतकरी असतात. मागे एकदा अमुक भाव मिळत होता, तेव्हा विकला नाही आणि भाव पडला, ही खंत अनेकांच्या मनात असते. भाव परत तिथे आला की चाळी उघडतात, आवक वाढते आणि भाव तिथेच अडतो. शेअरचंही तसंच होतं. वरच्या भावाला अडकलेले लोक 'मुद्दल निघालं की सुटलो' म्हणून त्या भावाला विकायला उभे असतात. आधाराच्या जागी याच्या उलट चालतं. मागच्या वेळी ज्यांचा सौदा हुकला ते परत आलेल्या भावाला घ्यायला पुढे येतात.

निफ्टीच्या त्याच चार्टवर पाहा. ४ जून २०२४ चा बंद २१,८८४. नऊ महिन्यांनी, ४ मार्चला, तळ २१,९६४. ७ एप्रिलला नीचांक २१,७४३ आणि बंद २२,१६१. तिन्ही वेळा भाव त्याच परिसरात येऊन फिरला, पण आकडा एकदाही तोच नव्हता. म्हणून टोकदार रेघ ओढू नका. पेन्सिल आडवी धरून साधारण २१,७०० ते २२,००० असा जाड पट्टा रंगवा. रेघ ओढणाऱ्याला वाटलं असतं, ७ एप्रिलला आधार तुटला. पट्टा काढणाऱ्याला दिसलं की भाव पट्ट्याच्या तळाशी जाऊन वर आला आहे.

मग ७ एप्रिलला घ्यायला हवं होतं का? १२ मे ला निफ्टी २४,९२४ वर बंद झाला, म्हणून आज 'हो' म्हणणं सोपं आहे. त्या संध्याकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि मोठा कल तर खालीच होता. त्या संध्याकाळी चार्टवरून कळू शकणारी गोष्ट एकच होती: ४ जूनच्या वातीचं टोक, २१,२८१. भाव त्याच्या खाली बंद झाला तर इथे आधार आहे हे म्हणणंच खोटं ठरतं. मी सुरुवातीला म्हणालो ती चुकल्याची जागा हीच.

व्हॉल्यूम, सरासरी, आरएसआय

व्हॉल्यूम म्हणजे किती शेअर हातबदल झाले. अडथळ्यावरून भाव वर निघाला आणि त्या दिवशीचा व्हॉल्यूम मागच्या वीस दिवसांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर त्या हालचालीला वजन आहे. कमी असेल तर थांबा. आपल्या एक्स्चेंजवर डिलिव्हरीची, म्हणजे प्रत्यक्ष खात्यात घेतलेल्या शेअरची, टक्केवारीही रोज प्रसिद्ध होते. ती फार कमी असेल तर बरीचशी उलाढाल त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांची आहे, हे लक्षात ठेवा. फार कमी व्हॉल्यूमच्या छोट्या शेअरवर यातलं काहीच चालत नाही. चार जण मिळून तिथे हवा तसा चार्ट रंगवू शकतात.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेजबद्दल थोडक्यात. शेवटच्या २०० दिवसांच्या बंद भावांची बेरीज भागिले २००, रोज नवा दिवस आत आणि जुना बाहेर. भाव तिच्या वर आणि ती स्वतः चढती असेल तर मोठा कल वरचा. आडव्या बाजारात भाव तिला सारखा वर-खाली कापत राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीने तेच केलं. तेव्हा तिच्यावरून सौदे केले की नुसती दलाली भरायची.

आरएसआय १९७८ मध्ये वेल्स वाइल्डर यांनी मांडला. मागच्या चौदा दिवसांतली सरासरी वाढ घ्या, सरासरी घट घ्या. वाढ ६ रुपये आणि घट १४ रुपये असेल, तर ६ भागिले २०, म्हणजे ३०. एकूण हालचालीतली फक्त ३० टक्के वरच्या दिशेने होती, एवढाच या आकड्याचा अर्थ. मग भाचीच्या त्या पहिल्या फोनकडे परत जाऊ. उतरत्या कलात आरएसआय तीसच्या आसपास आठवडेच्या आठवडे लोळत राहू शकतो, आणि भाव खाली सरकत राहतो. फार पडलाय हे तो सांगतो. पडायचा थांबलाय, हे त्याच्याकडून कळत नाही.

कॅन्डलच्या नक्षीकामाची नावं, हॅमर, डोजी, एन्गल्फिंग आणि बाकीची पन्नास, मी तिला पाठ करायला लावली नाहीत. लांब खालची वात आधाराच्या पट्ट्यात आली तर तिच्याकडे बघा. अधांतरी आली तर सोडून द्या. नावापेक्षा जागा महत्त्वाची.

सौदा: आधी चूक, मग संख्या, मग खरेदी

माझ्या स्वतःच्या चुकीतून हे शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक शेअर २१२ ला घेतला. चार्टवर १९६ खाली आधार तुटतो हे दिसत होतं, मनात धरलंही होतं. भाव १९६ खाली बंद झाला आणि मी विकण्याऐवजी आणखी घेतले, सरासरी खाली आणायला. शेवटी विकला तेव्हा भाव शंभराच्या आत होता. ते पैसे गच्चीच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले होते. त्या पावसाळ्यात घरात दोन ठिकाणी बादल्या ठेवल्या होत्या, आणि बायको एका शब्दानेही बोलली नाही. चार्ट बरोबर होता. १९६ हा आकडा मी कुठे लिहिलाही नव्हता आणि त्याची ऑर्डरही लावली नव्हती.

भाचीच्या पहिल्या सौद्यावर पद्धत दाखवतो. शेअरचं नाव देत नाही, कारण मी सल्लागार नाही आणि इथे नावाला महत्त्वही नाही. कल चढता, भाव ४८० ला, शेवटचा ठळक तळ ४६४. त्याच्या जरा खाली, ४६२ ला तिची चुकल्याची जागा. म्हणजे एका शेअरमागे १८ रुपयांचा धोका. तिची ट्रेडिंगची एकूण रक्कम दोन लाख, आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून जास्त घालवायचं नाही असं आमचं ठरलेलं. दोन हजार भागिले १८, म्हणजे १११ शेअर. खरेदी ५३,२८० रुपयांची. दोन लाख हातात असून त्रेपन्न हजारांचेच का घ्यायचे, असं ती विचारत होती. संख्या १८ रुपयांनी ठरवली, खात्यातल्या रकमेने नाही. मग वरच्या अंगाला पहिला अडथळा कुठे आहे ते बघायचं. तो ५२० ला होता, म्हणजे १८ च्या धोक्यापुढे ४० ची शक्यता. अडथळा ४९० ला असता तर मी तिला सौदा सोडायला सांगितलं असतं.

खरेदी झाली की त्याच मिनिटाला स्टॉपलॉस ऑर्डर, म्हणजे भाव चुकल्याच्या जागी आला की शेअर आपोआप विकायची सूचना. त्यात दोन भाव असतात: ट्रिगर, जिथे ऑर्डर जागी होते, आणि लिमिट, ज्याच्या खाली ती विकत नाही. ट्रिगर ४६२ आणि लिमिटही ४६२ ठेवलं तर झपाट्याने पडणाऱ्या भावात ऑर्डर तशीच पडून राहते. म्हणून लिमिट थोडं खाली, तिने ४५९ ठेवलं. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. शेअर अनेक दिवस ठेवायचा असेल तर बहुतेक दलालांकडे जीटीटीची (गुड टिल ट्रिगर्ड, म्हणजे ट्रिगरचा भाव येईपर्यंत अनेक दिवस उभी राहणारी ऑर्डर) सोय आहे, ती वापरा.

स्टॉपलॉस सगळ्यातून वाचवत नाही, हेही उघड सांगायला हवं. ४ एप्रिल २०२५ ला निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. समजा कोणाची चुकल्याची जागा २२,८०० होती. ७ एप्रिलला बाजार उघडलाच २१,७५८ ला. मधले हजारभर अंक कोणाला विकायला मिळालेच नाहीत. रात्रभर शेअर ठेवणाऱ्याने हे धरूनच चालायचं. एक टक्क्याचा नियम त्यासाठीच आहे. गॅप पडून तोटा तिप्पट झाला तरी तीनच टक्के जातात. उधारीवर, मार्जिन ताणून घेतलेल्याला ही सोय नसते.

भाचीचा तो सौदा नवव्या दिवशी ४६१.४० ला सुटला. खर्च धरून एकवीसशे रुपयांच्या आसपास तोटा. पुढच्या महिन्यात तोच शेअर ५०० च्या वर गेला आणि तिने चिडून फोन केला. मी तिला वहीचं ते पान उघडायला सांगितलं. घेण्याआधी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: '४६२ खाली गेला तर शेवटचा तळ तुटला, कारण संपलं.' ४६१ ला ते कारण संपलं होतं. ५०० ला जाताना शेअरने नवा तळ बनवला, नवं कारण दिलं, त्यावर नवा सौदा करता आला असता. तो तिने केला नाही, कारण रागात तिने तो चार्ट उघडायचंच सोडून दिलं होतं.

आता तिच्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, घेण्याचं कारण एका वाक्यात, चुकल्याची जागा, संख्या, बाहेर पडल्याचा भाव, आणि शेवटचा रकाना, 'लिहिलं तसं केलं का?' त्यात फक्त हो किंवा नाही. वीस सौदे झाले की आम्ही नफा-तोट्याच्या आधी या शेवटच्या रकान्यातले 'नाही' मोजतो. पहिल्या वीसमध्ये सात होते. दुसऱ्या वीसमध्ये आतापर्यंत दोन.